नेब्रास्कातली सुगी

शनिवार

नोकरी बदलली आणि बिऱ्हाड न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला हलवायचं ठरलं. सामान पुढे गेलं. गाडीही ट्रकवर चढवून पाठवता आली असती, पण नवरा म्हणाला, आपणच चालवत नेऊ, पुन्हा एवढी सवड कधी मिळणार? इंटरस्टेट ८० न्यू जर्सीत टीनेकजवळ सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोत संपतो. मध्ये सुमारे २९०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरच्या वर. नकाशा उघडायचीही गरज नाही, पश्चिमेकडे तोंड करून निघायचं.

हा रस्ता ज्यांनी ज्यांनी केला होता, त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: नेब्रास्का रात्रीतून काढा. सपाट आहे, मक्याशिवाय काही दिसत नाही. आमचा सगळ्यात मोठा मुक्काम मात्र नेमका तिथेच होता. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी मैत्रीण मूळची तिथली. दर ऑक्टोबरला ती रजा टाकून सुगीला घरी जाते. शेतावर आई, बाबा आणि धाकटा भाऊ एवढीच माणसं, त्यामुळे हिचे दोन हात मोलाचे. तिनं आधीच बजावलं होतं, "या, नक्की या, वाटेवरच आहे. पण सुगी चालू असेल. पाहुणचाराला कोणी रिकामं नसेल, तुम्हालाही आमच्याबरोबर शेतात यावं लागेल." मला तर हेच हवं होतं.

आज पेनसिल्व्हेनिया आडवा कापला. डेलावेअर नदीच्या खिंडीतून आत शिरल्यापासून डोंगरच डोंगर, आणि पानगळीचे रंग ऐन भरात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला या रस्त्याची सर्वांत जास्त उंची इथेच आहे, २२५० फूट, तशी पाटीही लावली आहे. पुढे पश्चिमेत ८६०० फुटांच्या वर चढायचं असल्यामुळे ही पाटी लक्षात ठेवली. मुक्काम ओहायोत, टोलेडोच्या अलीकडे.

रविवार

इंडियानाचा टोल, शिकागोच्या दक्षिणेची ट्रकांची गर्दी, मग इलिनॉय. लिहावं असं फार काही नाही. ऊन उतरता उतरता मिसिसिपी ओलांडली. शाळेत भूगोलात वाचलेली नदी पुलावरून एका मिनिटात मागे पडते याची हळहळ वाटली, म्हणून ल क्लेअरला खाली उतरून काठावर जाऊन आलो. पलीकडे आयोवात वॉलकॉटला १९६४ साली सुरू झालेला प्रचंड ट्रक-थांबा आहे. जगातला सर्वांत मोठा अशी त्याची ख्याती. शेकडो ट्रक ओळीनं उभे. त्यातले धान्याचे ट्रक कोणते, हे ओळखायला आम्ही तिथे शिकलो: पोटाखाली निमुळती होत गेलेली दोन नरसाळी असतात, धान्य खालून सोडायला. उद्यापासून हेच ट्रक सगळीकडे दिसणार होते.

सोमवार

आयोवा सपाट असेल असं वाटलं होतं, पण ते लाटालाटांचं आहे. टेकाडावर चढलं की पवनचक्क्या, उतरलं की सोयाबीनची कापलेली रानं. या राज्यातली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते.

ओमाहाला मिसुरी नदी ओलांडली आणि नेब्रास्का सुरू झालं. लिंकन शहर मागे पडल्यावर ग्रँड आयलंडपर्यंत रस्ता सुमारे ७२ मैल जवळजवळ सरळ रेषेत जातो. वेग ७५ मैल. सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं इथे समजलं. पण रस्ता असा का आहे, हेही इथेच समजतं. ग्रँड आयलंडपासून तो प्लॅट नदीच्या सोबतीनं जातो. प्लॅट रुंद, उथळ, वाळूच्या बेटांतून फाटे फोडत वाहणारी नदी. तिच्या काठानं एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांचे तांडे ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे गेले, मग त्याच काठानं रेल्वे आली, मग १९१३ मध्ये आखलेला लिंकन हायवे, आणि शेवटी हा महामार्ग. प्रत्येकानं सर्वांत सपाट जमीन शोधली आणि ती नदीच्या खोऱ्यात मिळाली. आपण खोऱ्याच्या तळातून जातो आणि सगळं राज्य तसंच आहे असं समजतो. नेब्रास्का पाहायचं तर या रस्त्यावरून उतरायला हवं. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते आहे.

कार्नी शहराजवळ महामार्गाच्या डोक्यावरून एक संग्रहालय कमानीसारखं आडवं गेलं आहे. ते ओलांडून आम्ही दक्षिणेला वळलो. दहा-पंधरा मिनिटांत डांबर संपलं आणि खडीचा रस्ता लागला. इथे रस्ते मैलामैलावर, काटकोनात. १७८५ च्या कायद्यानं नव्या मुलखाची मोजणी चौरस मैलांत करायचं ठरलं आणि तीच मोजणी अजून जमिनीवर दिसते. एका चौरस मैलात ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. त्याला हे लोक नुसतं "क्वार्टर" म्हणतात, आणि शेताबद्दलचं सगळं बोलणं क्वार्टरमध्येच चालतं. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करत होता. तिसऱ्या गाडीपासून नवराही करायला लागला.

घर दिसायच्या आधी कणग्या दिसल्या. पत्र्याच्या, गोल, दुमजली घराहून उंच. त्यांच्या मागे वारा अडवायला लावलेली देवदाराची रांग, तिच्या आडोशाला पांढरं लाकडी घर. अंगणात फक्त आजी होत्या. "सगळे रानात आहेत. सामान ठेवा, हात धुवा, जेवण घेऊन आपण तिकडेच जाऊ," त्या म्हणाल्या. ओळख करून देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

त्या रात्रीचं जेवण शेताच्या कडेला, पिकअपचा मागचा फळका पाडून. मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचा तिखट रस्सा, आणि डब्यात दालचिनीचे गोड रोल. हे दोन्ही एकत्र खायची इथली जुनी पद्धत आहे, शाळांमध्येही हेच वाढत. मी शाकाहारी आहे हे मैत्रिणीनं सांगून ठेवलं होतं. तिच्या आईनं माझ्यासाठी नुसत्या राजम्याची वेगळी भांडंभर चिली केली होती. सुगीच्या धबडग्यात केलेलं ते वेगळं भांडं मी विसरणार नाही. जेवण वीस मिनिटांत उरकलं आणि मशिनं पुन्हा सुरू झाली, दिवे लावून, साडेदहापर्यंत.

मंगळवार

आज बराच वेळ बाबांच्या शेजारी कंबाईनमध्ये, म्हणजे कापणी आणि मळणी एकदम करणाऱ्या यंत्रात बसले. (तिच्या वडिलांना मी मनात बाबाच म्हणत होते, इथेही तसंच लिहिते.) केबिनमध्ये चालकाशेजारी एक छोटी घडीची खुर्ची असते, लहानपणी मैत्रीण तिच्यावर झोपायची म्हणे.

"बस, दार ओढून घे, नाहीतर धूळ येईल."

समोरच्या दात्यांवर शिंगांसारखे लांब निमुळते पत्रे आहेत. दोन पत्र्यांच्या फटीत मक्याची एक ओळ शिरते. आठ ओळी एका वेळी, दोन ओळींत ३० इंचांचं अंतर. मी वाकून एकाच ओळीकडे बघत बसले. खालचे फिरते रूळ धाट पकडून जमिनीच्या दिशेनं खेचतात. धाट खाली सर्रकन निघून जातं, पण कणीस जाड असल्यामुळे वरच्या पट्ट्यांत अडकतं आणि देठापासून तुटतं. तेवढं कणीसच आत जातं, धाट रानातच राहतं. आत मळणी होऊन दाणे माथ्यावरच्या टाकीत पडतात, बुरकुंडं आणि पाती मागून रानात फेकली जातात. मागच्या काचेतून टाकीत पडणारा पिवळा लोट दिसत होता. आठ-दहा मिनिटांत टाकी भरते.

तेव्हा मैत्रीण येते. ट्रॅक्टरला जोडलेली मोठी धान्याची ट्रॉली घेऊन ती कंबाईनच्या अगदी लगत, त्याच वेगानं चालायला लागते. कंबाईन थांबत नाही. त्याचा लांब नळा बाजूला उघडतो आणि चालता चालता धान्य ट्रॉलीत ओततो. ट्रॅक्टर हातभर इकडे गेला तर उभ्या मक्यात, हातभर तिकडे गेला तर धान्य मातीत. ती मानही न वळवता आधी ट्रॉलीचा पुढचा भाग भरून घेते, मग किंचित वेग वाढवून मागचा. प्रयोगशाळेत पिपेट धरलेले तिचे हात मी रोज पाहिले होते. तिचा तो ठामपणा कुठून आलाय, ते आज पाहिलं.

बाबांच्या समोर पडदा होता. त्यावर शेताचा नकाशा, आणि आम्ही पुढे जाऊ तसा तो रंगत होता: जास्त उतारा तिथे हिरवा, कमी तिथे लाल. बागायती मक्याला इथे एकरी २०० बुशेलच्या वर उतारा सहज मिळतो. मक्याचा एक बुशेल ५६ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो. आपल्या हिशेबात एकरी ५० क्विंटलच्या वर. एका ठिकाणी पडद्यावर गडद हिरवा चौकोन उमटला, आजूबाजूपेक्षा कितीतरी सरस.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"माझ्या आजोबांचा गोठा होता. मी शाळेत असताना पाडला."

गोठा पाडून पन्नासेक वर्षं झाली तरी शेणखत अजून बोलतंय. त्या चौकोनावरून जाताना बाबांनी वेग थोडा कमी केला. आत जाणारी कणसं जास्त म्हणून वेग कमी करावा लागतो, हे त्यांनी नंतर सांगितलं.

कुटुंबाचे पूर्वज स्वीडनहून आलेले. या भागात स्वीडिश लोकांची वस्ती मोठी. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून, घर बांधून, जमीन कसली की १६० एकर मिळत. त्या क्वार्टरपासून सुरुवात झाली. आज कसतात त्यातली निम्म्याहून जास्त जमीन मात्र दुसऱ्यांची, काही खंडानं, काही वाट्यानं. शहरात गेलेल्या शेजाऱ्यांच्या मुलांची. "माझ्या लहानपणी या एका मैलात चार चुली होत्या, आता आमची एकच," असं बाबा म्हणाले. मशिनं मोठी होत गेली तशी माणसं कमी झाली, का माणसं कमी झाली म्हणून मशिनं मोठी झाली, हे त्यांना सांगता येईना.

दुपारी मैत्रिणीच्या भावाबरोबर ट्रकमधून एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठारावर गेलो. रेल्वे रुळालगत उभे असलेले काँक्रीटचे पांढरे मनोरे, मैलोन् मैल दुरून दिसणारे. ट्रक आत जायच्या आधी यंत्राचा एक हात धान्यात खोल खुपसून नमुना घेतात. ओलावा बघतात. साधारण १५ टक्क्यांच्या वर असला तर पैसे कापतात, म्हणून सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी ओलाव्याचाच आकडा होता. मग भरलेल्या ट्रकचं वजन, जाळीखालच्या खड्ड्यात धान्य सोडणं, रिकाम्या ट्रकचं वजन, पावती. बावीस-तेवीस टन मका आणि माणसाचा हात एकदाही दाण्याला लागला नाही. मीच जाळीच्या कडेला सांडलेले चार दाणे उचलले. प्रत्येक दाण्याच्या डोक्यावर खळगा. हा आपण भाजून खातो तो मका नव्हे. यातला बराचसा गुरांच्या गव्हाणीत जातो, बराचसा इथेनॉलच्या कारखान्यात. एका बुशेलपासून तीनेक गॅलन इथेनॉल निघतं आणि उरलेला चोथा पुन्हा गुरांना. एवढं पीक आणि माणसाच्या ताटात सरळ येणारं जवळपास काही नाही, ही गोष्ट मला टोचली. भावाला तसं बोलूनही दाखवलं. तो रागावला नाही. "कोणी दुसरं काही घेणार असेल तर मी ते पेरेन. पण एलिव्हेटर मका आणि सोयाबीन घेतो," तो म्हणाला. त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत आल्यावर कणगीची शिडी पाहून नवरा वर चढू लागला. आईंनी लांबूनच जोरात हाक मारून थांबवलं. खालून धान्य काढणं चालू असताना कणगीत पाय पडला तर माणूस काही सेकंदांत अडकतो आणि मग ओढून काढता येत नाही. आतलं धान्य वरून घट्ट दिसतं पण खाली पोकळी असू शकते. दरवर्षी या देशात अशी माणसं जातात. त्यांच्या ओळखीतलाही एक तरुण गेला होता. कणग्यांच्या दारांना कुलपं का आहेत, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी शेवटच्या आठ-दहा ओळी उरल्या तशा त्यातून रानकोंबडे फडफडत उठायला लागले. अगदी शेवटी दोन हरणं निघाली आणि बांधावरून पलीकडच्या उभ्या मक्यात शिरली. बाबा त्यांची वाट बघत थांबले होते.

बुधवार

सकाळी कंबाईनची एक बेअरिंग गेली. भाऊ सुटा भाग आणायला गावात पळाला आणि सगळ्यांना दोन-तीन तास सापडले. या वेळात जे ऐकलं त्यासाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन.

स्वयंपाकघरात दोन नळ होते. एक भांड्यांचा आणि एक बारीक, पिण्याच्या पाण्याचा, त्याच्या खाली शुद्धीकरणाचं यंत्र. घरच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलंय. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटमधल्या नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आणि इथल्या कितीतरी विहिरी तिच्या वर गेल्या आहेत. कित्येक वर्षं घातलेलं खत पाण्याबरोबर खाली उतरलं. बाबांनी हे सांगताना काही लपवलं नाही. "आम्हीच घातलं. आता माती तपासून, चार हप्त्यांत विभागून घालतो. पण खाली गेलेलं वर आणता येत नाही."

मग ते आम्हाला पाणी दाखवायला घेऊन गेले. शेताच्या मधोमध एक खांब, त्याला जोडलेला पाव मैल लांबीचा नळ, चाकांच्या मनोऱ्यांवर उभा. हा नळ खांबाभोवती गोल फिरत फिरत पाणी देतो. विमानातून जी हिरवी वर्तुळं दिसतात ती याची. फ्रँक झायबॅक या नेब्रास्कात वाढलेल्या शेतकऱ्यानं त्याचं पेटंट १९५२ मध्ये मिळवलं. चौकोनी क्वार्टरमध्ये वर्तुळ बसवलं की १६० पैकी १३० एकरांच्या आसपास भिजतात, चार कोपरे कोरडे राहतात. कालची हरणं त्याच कोपऱ्यांतल्या गवतात राहतात. आज अमेरिकेत सर्वांत जास्त ओलिताची जमीन कॅलिफोर्नियात नाही, नेब्रास्कात आहे, ८० लाख एकरांच्या आसपास.

हे पाणी येतं ओगालाला जलधरातून. दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या पोटात पसरलेला हा साठा. टेक्सास आणि पश्चिम कॅन्ससच्या काही भागांत त्याची पातळी १०० फुटांहून जास्त खाली गेली आहे. इथे तसं झालं नाही. एक कारण निसर्गाचं: राज्याच्या उत्तरेला वाळूच्या टेकड्या आहेत, पावसाचं पाणी त्या पिऊन घेतात. दुसरं कालव्यांचं: १९४१ मध्ये किंग्स्ली धरण झालं, मॅकॉनहे तलाव भरला आणि त्याचे कालवे या भागात आले. त्यांच्या पाझरानं इथलं भूजल उलट वर चढलं. तिसरं कारण माणसांचं, आणि मला त्यातच जास्त रस होता. नेब्रास्कात १९७२ पासून नैसर्गिक संसाधन जिल्हे आहेत, आज २३. त्यांच्या सीमा नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखल्यात, तालुका-जिल्ह्याच्या नव्हे. मंडळ लोक मत देऊन निवडतात, खर्चासाठी मालमत्तेवर कर घेतात, आणि नवी विहीर खोदू द्यायची का, कुणी किती पाणी उपसायचं, हे ठरवायचा अधिकार त्यांना आहे. बाबांनी पंपावरच्या मीटरचं झाकण उघडून आकडा दाखवला. धुळीनं माखलेलं, पण आत काटा स्वच्छ.

"हे बसवताना भांडणं झाली नाहीत?" मी विचारलं.

"झाली की! माझे वडील वर्षभर बैठकांना जाऊन ओरडायचे. मग पुढच्या निवडणुकीत तेच उभे राहिले."

"निवडून आले?"

"आले. आणि मग ज्यांच्यावर ओरडायचे, त्यांच्यातलेच एक झाले."

आता त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे पाणी कोण मोजतं? मी हिवरे बाजारची गोष्ट सांगितली. अहिल्यानगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी बोअर घेणं बंद झालं, ऊस-केळीला मनाई झाली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी किती यावर पिकं ठरतात. बाबा पंपाला टेकून ऐकत राहिले. मीटर आहेत का? सभेला सगळे येतात का? बायका बोलतात का? सलग प्रश्न. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, बाकीचं कळवते म्हणाले.

घरी आलो तर आजी जुनी एक वाकडी ॲल्युमिनियमची नळी घेऊन बसल्या होत्या. गोल फिरणारे नळ यायच्या आधी चारीतलं पाणी सरीत घ्यायला हीच. नळी पाण्यात बुडवायची, एका टोकावर तळहात दाबायचा, पुढे-मागे दोन-तीन हिसके देऊन ती पाण्यानं भरायची आणि हात काढता काढता झटक्यात बांधावरून सरीत पालथी करायची. पाणी आपोआप चढून पलीकडे पडतं. आजी मुलगी असताना पहाटे चारला उठून शेकडो सऱ्यांना अशा नळ्या लावायच्या. त्यांनी कोरड्या हवेत करून दाखवलं, आणि ऐंशी ओलांडलेला तो हात एकदाही अडखळला नाही. माझे आजोबा रात्री कंदील घेऊन उसाला दारं धरायचे ते मी सांगितलं. "त्यांच्या पायाला चिखल्या व्हायच्या का?" आजींनी विचारलं. व्हायच्याच की.

मक्याचीच आणखी एक गोष्ट आजींनी सांगितली. स्वीडिश माणसं यायच्या कितीतरी आधी या खोऱ्यात पॉनी या आदिवासी जमातीचे लोक मका पिकवत. १८७० च्या दशकात त्यांना इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. सोबत नेलेलं बियाणं तिथल्या हवेत नीट रुजेना आणि जाती संपत चालल्या. तेव्हा बियाणं सांभाळणाऱ्या पॉनी समाजातल्या डेब एको-हॉक आणि कार्नीच्या त्या कमानीतल्या संग्रहालयात काम करणाऱ्या रॉनी ओब्रायन यांनी मिळून ते बी पुन्हा नेब्रास्काच्या मातीत लावायचं ठरवलं. इथे ते तरारून आलं. आता या भागातली कितीतरी घरं आपल्या परसात तो मका लावतात आणि पीक पॉनी लोकांकडे पाठवतात. आजींच्या ओळखीतल्या एक बाई लावतात, त्यांनी काढलेला फोटो आजींनी दाखवला: पांढरे दाणे आणि प्रत्येकावर पंख पसरलेल्या गरुडासारखा जांभळा डाग. आजी फोटो बराच वेळ हातात धरून होत्या. "जमीन आम्हाला मिळाली ती कुणाची तरी होती, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाल्या.

बेअरिंग आली. दुपारी दोनला मशिनं सुरू झाली, आणि त्या दिवशी ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये मैत्रिणीशेजारी मी बसले. घरात राहून शेती का नाही केलीस, असं मी विचारलं. दोघांचं पोट भरेल एवढी जमीन नाही, भावाला हौस होती, आणि तिला बाहेर पडायचं होतं. तिन्ही कारणं खरी आहेत, त्यातलं एकच निवडायला सांगू नकोस, ती म्हणाली.

गुरुवार

निघताना कोणी कामावरून उठून आलं नाही. आम्हीच शेतात जाऊन निरोप घेतला. बाबांनी कंबाईन थांबवून काच उघडली आणि मार्चमध्ये या म्हणाले. मार्चमध्ये प्लॅट नदीच्या सुमारे ८० मैलांच्या पट्ट्यात पाच लाखांहून जास्त क्रौंच पक्षी उतरतात, आणि सुगीत रानात सांडलेला मका खाऊनच पुढच्या प्रवासाला जाडजूड होतात.

नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड मनोऱ्यावरून पाहिलं, रेल्वेचे डबे वेगळे करून नव्यानं जोडायचं जगातलं सर्वांत मोठं आवार. धान्याच्या डब्यांच्या रांगा बघताना आपल्या ट्रकमधला मका यात असेल का, असा विचार दोघांच्याही मनात आला. पुढे घड्याळ एक तास मागे. वायोमिंगमध्ये शायन शहराच्या पश्चिमेला रस्ता ८६४० फुटांवर पोचतो, तिथे अब्राहम लिंकन यांचा भव्य अर्धपुतळा आहे. होमस्टेड कायद्यावर सही करणारे ते हेच. मुक्काम लारामीला. वारा एवढा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं.

शुक्रवार

वायोमिंग संपेपर्यंत वारा, मग युटाचे लाल कडे, सॉल्ट लेक, आणि त्यापलीकडे बॉनव्हिलचं मिठाचं पठार. इथे उतरून चाललो. पायाखाली मिठाची खपली कुरकुरते आणि पिकाचं एक पातं दिसत नाही. रात्र नेवाडात.

शनिवार

डॉनर खिंडीतून सिएरा उतरलो आणि सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात आलो. भाताची कापणी चाललेली, बदामाच्या बागा, कालवे. पूर्वी मी इथून जाताना शेतं बघितली नसती. आज पाणी कुठून येतं ते शोधत होते आणि नवरा कंबाईनला किती दाते आहेत ते मोजत होता.

नव्या घरी पोचलो तेव्हा मैत्रिणीचा निरोप आला होता. शेवटचं क्वार्टर काल मध्यरात्री संपलं आणि आज सकाळपासून पाऊस आहे, सगळे झोपलेत. खाली बाबांचा प्रश्न: हिवरे बाजारमध्ये एखाद्यानं ठराव मोडून ऊस लावलाच, तर ग्रामसभा त्याचं काय करते? संसाधन जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत त्यांना हे मांडायचं आहे. खोकी फोडायची राहिली आहेत, पण आधी गावाकडे काकांना फोन लावते. त्यांच्या ओळखीचं तिथे कोणीतरी नक्की असेल.